ओट्यावरचा तुझा मोठा आवाज

रोहिणी,

तुझ्या दहाव्याला नदीवर राजुरीची एक बाई आली होती. तुझ्या शाळेतल्या कुठल्याशा मुलीची आई. ती सरळ माझ्या श्रद्धाकडे गेली, तिला पोटाशी धरलं आणि म्हणाली, "आई गेली गं बाई तुझी. आता रडू नको, घराकडं बघ." मी तिथंच उभी होते, हातात पाण्याची कळशी घेऊन. श्रद्धाची आई, चांगली जिवंत. आणि श्रद्धानं त्या बाईला सांगितलंसुद्धा नाही की गेली ती माझी काकी, आई ती बघा तिकडं उभी आहे. नुसती मान हलवली आणि आणखी रडायला लागली.

तू गेल्याचं दुःख मला आहेच. सकाळी चहा घेऊन, स्कूटीवरून पिशवी सावरत गेलीस आणि दुपारी शाळेतून फोन आला की मॅडम वर्गात पडल्या. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अजूनही संध्याकाळी फाटकाशी गाडी वाजली की माझा हात चहाच्या भांड्याकडे जातो. पण तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू? नदीवर मला रडू आलं ते निम्मं तुझ्यासाठी होतं आणि निम्मं जळफळाटाचं. तुझे दोघे मुलगे गुरुजींपुढं बसले होते. तुला दोन मुलगे, मला एकच पोरगी. तीही तुला हवी होती?

जळणं आपल्यात पहिल्यापासून होतं. म्हणजे माझ्याकडून होतं, तुझ्याकडून असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. मी थोरली जाऊ, दहावी झालेली, म्हशीच्या धारा आणि भाकऱ्या यांत बुडालेली. तू धाकटी, पेठची, बी.एस्सी. झालेली, जंतूंचा अभ्यास केलेली, लग्नाआधीच शाळेत नोकरीला लागलेली. आपल्या सासूबाई, आत्याबाई, आल्यागेल्या पाव्हण्यांना कौतुकानं सांगायच्या, "धाकटी जंतूंची मास्तरीण हाये." मी कशाची कोण आहे हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

लग्नानंतरचा तुझा पहिलाच महिना मला आठवतो. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, आजची हवा सांगावी तसं म्हणालीस, "आत्याबाई, मला पाळी आलीय. भाकऱ्या मी टाकते, शाळेला उशीर होतोय." आत्याबाईंचा चहा बशीतच राहिला. मी इतकी वर्षं त्या दिवसांत मागच्या पडवीत चटई टाकून, वेगळा तांब्या घेऊन बसत आले होते. आता काय रामायण घडतंय ते बघायला मी कान टवकारले. पण घडलं काहीच नाही, कारण पडवीत त्या दिवशी मी आधीच बसलेली होते. दोघी सुना एकदम बाजूला बसल्या असत्या तर चुलीपुढं आत्याबाईंना बसावं लागलं असतं, आणि त्यांचे गुडघे दुखत होते. तुझी क्रांती झाली ती त्या गुडघ्यांमुळं. तू मला पडवीत आणून दिलेली भाकरी एका बाजूनं करपली होती, हे मी इथं मुद्दाम लिहिते.

त्या दिवसापासून आपल्या घरातली शिवाशिव हळूहळू बंद झाली आणि सगळी आळी तुझं नाव घ्यायला लागली. मला मात्र कोणी विचारलं नाही. मला ती पडवी आवडायची, रोहिणी. महिन्यातून तेवढेच दिवस कोणी मला हाक मारत नव्हतं. हे मी तुला म्हटलं तेव्हा तू हसलीस आणि म्हणालीस, "मग घ्या की ताई आराम. कामाचं मी बघते. पण चटईवर नको, आत गादीवर झोपा." मी म्हटलं, गादीवर झोपले की सगळे हाका मारतात. तो वाद तसाच राहिला, आणि त्यात मीच बरोबर होते असं माझं अजूनही मत आहे.

मग श्रद्धा मोठी झाली. तिला शाळेत तुझ्या स्कूटीवर न्यायचीस. मागं बसून ती तुझ्या कमरेला दोन्ही हातांनी विळखा घालायची आणि फाटकातून जाताना माझ्याकडे वळून बघायचीही नाही. तिला पहिल्यांदा पाळी आली ती तुला कळली. मला कधी कळलं, तर संध्याकाळी तू शिऱ्याला रवा भाजायला घेतलास तेव्हा. मी विचारलं, "आज काय विशेष?" तू म्हणालीस, "श्रद्धा सांगेल." श्रद्धा दाराआड उभी होती, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती. मला पहिल्यांदा आलं तेव्हा मी गोठ्यात लपून बसले होते, मला वाटलं होतं मी मरणार. माझी पोरगी घाबरली नाही याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. पण माझ्या वाटीतला शिरा मी म्हशीला घातला.

आणि मग ते तुझे रविवार. आत्याबाई गेल्यावर तू आपल्या ओट्यावर गावातल्या पोरी गोळा करायला लागलीस. सतरंजी टाकायचीस, पोरी बसायच्या, आणि तू अशा आवाजात सुरू व्हायचीस की धरणाच्या भिंतीवर ऐकू जावं. मी आत भाकऱ्या थापायचे. स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावरच उघडते, त्यामुळं मला ऐकायचं नसलं तरी इलाज नव्हता. खरं तर मला ऐकायचं असायचं. तव्यावर भाकरी टाकताना आवाज होऊ नये म्हणून मी जपून टाकायचे.

मोत्याची गोष्ट तू कितीदा सांगितलीस! मागच्या उसातून बिबट्या यायचा म्हणून आपला कुत्रा मोत्या कायम मोकळा असायचा. पण पाव्हणे येणार असले की त्याला बांधावं लागायचं, कारण तो ओळख-बिळख बघत नसे, सरळ पोटरी धरायचा. तू पोरींना म्हणायचीस, "आपल्या अंगातबी असाच मोत्या असतो. एक नाय, लई असतात. गर्भाशयाच्या वाटेवर ते राखण करतात. परका जंतू आत आला की धावून जातात. आता सांगा, पोटातलं मूल कोण? निम्मं आईचं, निम्मं बापाचं. म्हणजे निम्मं परकंच की. त्याला मोत्या चावला तर?"

पोरी हसायच्या. तू पुढं सांगायचीस, "म्हणून महिन्याच्या मधी, बीज सुटायच्या वेळेला, शरीर तयारी करतं. पाव्हणा येईल म्हणतं. आधी दारातला चिकट स्राव पातळ होतो, म्हणजे वाट मोकळी. मग आतल्या मोत्याला काही दिवस बांधून ठेवतं. मेला नाय तो, बांधलाय. पाव्हणा आला तर त्याला राहायला मिळतं. नाय आला तर आतलं अस्तर गळून पडतं, ती पाळी. मग मोत्या परत मोकळा. मग चोराला सोपं कधी?"

"मोत्या बांधल्यावर!" सगळ्या एका सुरात ओरडायच्या.

"आणि आपण शिवू नको, इकडं येऊ नको कधी करतो?"

"पाळीत!"

एकदा मधूनच माळ्याच्या पोरीनं विचारलं होतं, "मग मॅडम, पाळीत कायच जपायचं नाय का?" तर तू म्हणालीस, "जपायचं की. रक्तानं आतला आंबटपणा कमी होतो. पॅड असो नायतर कापड, वेळेवर बदलायचं, कापड उन्हात वाळवायचं. पण तुरटीच्या पाण्यानं आतून धुवायचं नाय. आत दह्याच्या जातीचे चांगले जंतू असतात, ते तो आंबटपणा धरून ठेवतात. ते धुऊन काढले म्हणजे घरातलं विरजणच फेकून दिलं." माझा भाकरीवरचा हात तिथंच थांबला. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की तुरटीच्या पाण्यानं आतून धुवायचं, ही आपल्या घरची रीत. आत्याबाईंना त्यांच्या सासूनं शिकवलेली, त्यांनी मला शिकवलेली. आपण स्वच्छ झालो असं वाटायचं त्यानं.

आणि मग सगळ्यात शेवटी, आवाज आणखी चढवून, तू ते वाक्य टाकायचीस, "आणि हो, पाळीत पुरणपोळ्या लाटल्या म्हणून कोणाची कूस बंद होत नाय!" पोरी पुन्हा हसायच्या. आत माझ्या अंगाची लाही लाही व्हायची.

कारण त्या पोळ्या माझ्या होत्या. तू या घरात यायच्या आधीची गोष्ट. गावची यात्रा, घर पाव्हण्यांनी भरलेलं, श्रद्धा तेव्हा रांगत होती. मी पोळ्या लाटायला बसलेले आणि मधेच मला पाळी आल्याचं कळलं. मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्या म्हणाल्या, "गप लाट. पावणं पंगतीला बसल्यात, आता कोण लाटणार? देवीला म्या हात जोडीन." मी लाटल्या. नैवेद्य गेला, पंगती उठल्या. पाचव्या दिवशी मी रीतीप्रमाणं न्हाले, धुतलं. त्याच महिन्यात पुढं माझं ओटीपोट असं दुखायला लागलं की सरळ उभं राहता येईना. वर ताप. नारायणगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ताप उतरला. पण त्यानंतर मला पुन्हा दिवस गेले नाहीत. आणि ज्यांनी मला गप लाट म्हणून सांगितलं त्याच आत्याबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "त्या पोळ्यांचं फळ हाये. देवीनं कूस बांधली हिची." तूही पाळीत भाकऱ्या टाकायला लागलीस तेव्हा त्यांनी धाक म्हणून तुला पहिल्यांदा हीच गोष्ट सांगितली असणार. तू घाबरली नाहीस, आणि तुला दोन मुलगे झाले. माझ्या जळण्याचं मूळ तिथं आहे, हे तुला कधीच कळलं असेल.

मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, रोहिणी. माझ्यामुळं झालं का? दुसरं मूल नाही झालं ते माझ्या हातानं का? हे सांगू शकेल अशी अख्ख्या घरात तू एकटी होतीस. आणि मी थोरली. दाराआड उभं राहून काकीला विचारायला मी काही श्रद्धा नव्हते.

त्याऐवजी मी भांडले. एका रविवारी पोरी गेल्यावर मी बाहेर आले आणि म्हटलं, "माझी गोष्ट पोरींपुढं मीठ-मसाला लावून का सांगतेस?"

तू सतरंजी झटकत म्हणालीस, "तुमचं नाव घेतलं का ताई मी?"

"नाव घ्यायची काय गरज? आणि आवाज तरी हळू कर. पलीकडच्या आळीतले बाप्ये ऐकतात."

"ऐकू देत की. माझा आवाजच असा हाये, काय करू? वर्गात बोलून बोलून चढलाय."

मी तुझ्याशी बोलायचं बंद केलं. त्या आठवड्यात तुझा डबा मी भरला, पण वाटीत लोणचं घातलं नाही. तुझ्या लक्षात आलं होतं. पुढच्या रविवारी तू पुन्हा तेच वाक्य म्हणालीस, त्याहून मोठ्यानं. मला वाटलं, ही बाई मला मुद्दाम डिवचते.

पावसाळ्यात एकदा मात्र मी जवळजवळ विचारलंच होतं. तू गोठ्यात आली होतीस. मी धार काढत होते, तोंड म्हशीकडे होतं, त्यामुळं बोलायला सोपं होतं. मी म्हटलं, "रोहिणी, एक विचारायचं होतं."

तू एकदम जवळ आलीस. खाली बसलीस, त्या शेणातच, चांगली साडी नेसून. "विचारा की ताई."

आणि मी म्हटलं, "उद्या डब्याला काय देऊ?"

तू साडीचा शेणानं भरलेला काठ झटकलास. मग "द्या काहीपण" म्हणालीस आणि उठलीस. श्रद्धानं आतून "काकी" म्हणून हाक मारली तशी निघून गेलीस. मी मनात म्हटलं, बघा, तिच्या एका हाकेला धावते.

आता दहाव्यानंतरचं सांगते. मांडववाल्याकडून आणलेली मोठी पातेली मी आणि श्रद्धा मागच्या अंगणात घासत होतो. ती पुण्याहून आलीय, अजून परत गेलेली नाही. पातेल्यात हात घालून ती मधेच रडायची, पुन्हा घासायची. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "एवढी काकी काकी करतेस. तुझी काकी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायची, लाज म्हणून नव्हती."

श्रद्धानं घासणी खाली ठेवली. "काकी? मोठ्यानं?"

"मग काय! ओट्यावर नसायची का ओरडत?"

"आई, काकी वर्गात इतकी हळू बोलायची की मागच्या बाकावरच्या पोरी कायम ओरडायच्या, मॅडम ऐकू येत नाय. घसा दुखायचा तिचा. ओट्यावर मोठ्यानं बोललं की संध्याकाळी मिठाच्या गुळण्या करायची. मी म्हणायचे, कशाला ओरडतेस? तर म्हणायची, आत तव्याचा आवाज असतो ना, पोचायला पाहिजे."

मी हातातलं पातेलं पालथं घातलं. आणि विचारलं, "आणि ते पुरणपोळीचं? शाळेत पण सांगायची?"

"नाय. ते कधीच नाय. ते फक्त ओट्यावर."

रोहिणी, आधी तर मला तुझा इतका राग आला! सरळ आत येऊन, पिठाचे हात धरून सांगायला काय झालं होतं तुला? खिडकीतून कसलं सांगतेस, मी काय परकी होते? मग माझं मलाच कळलं, तू आत येऊन सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं. म्हटलं असतं, मला नको शिकवू, मी थोरली आहे. आणि वर लोणचं बंद केलं असतं. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतीस, आणि हेही मला फारसं आवडलेलं नाही.

मग मी विचारलं. तुला जे विचारायचं होतं ते श्रद्धाला विचारलं, अंगणात, राखेच्या हातांनी. सगळं सांगितलं, पोळ्या, तुरटी, ताप. तिनं राखेचे हात धुतले. मग म्हणाली, "आई, नक्की कशानं झालं ते आता कोणी सांगू शकत नाय. तेव्हा तपासलंच नाय कोणी. काकी म्हणायची, मधल्या दिवसांत जंतू वर चढले असतील, नळ्यांना सूज आली असेल, वेळेवर पुरतं औषध झालं नसेल. तुरटीनं भर पडली असेल नायतर नसेल. पण पोळ्यांनी नाय. तेवढं नक्की. पोळ्यांनी नाय."

"काकी म्हणायची? म्हणजे तुम्ही दोघी माझ्याविषयी बोलायचात?"

"लई वेळा," श्रद्धा म्हणाली.

बघ, म्हणजे तिथंही तुम्ही दोघी आणि मी भिंतीच्या पलीकडं. एका बाजूनं मला इतकं हलकं वाटत होतं की उठून चार घरं सांगत सुटावं, आणि एका बाजूनं मी जळत होते. आणि या खेपेला कोणावर जळते तेच कळेना. आजवर मला वाटायचं, तू माझी पोरगी घेतलीस. पण खरं बघितलं तर श्रद्धाला तू मिळालीस. स्कूटीवर मागं बसून, कमरेला विळखा घालून, पाहिजे ते विचारून. मला तू खिडकीतून मिळालीस, ते पण तव्याच्या आवाजातून. मी माझ्या पोरीवर जळत होते, रोहिणी. तुझ्यासाठी. इतकी वर्षं.

काल रविवार होता. पोरी आल्या. तू नाहीस हे माहीत असून आल्या, फाटकात घुटमळत उभ्या राहिल्या. श्रद्धानं सतरंजी आणली, टाकली, त्यांना बसवलं. मी आत पीठ मळायला घेतलं. बाहेर श्रद्धा बोलायला लागली. मोत्याचं नाव ऐकू आलं, पुढचं काही कळेना. तुझ्यासारखाच वर्गातला आवाज घेतलाय पोरीनं, हळू. मी तवा खाली उतरवून ठेवला. तरी ऐकू येईना. पलीकडच्या घरातले बाप्ये त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते.

मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि ओरडले, "श्रद्धे, मोठ्यानं बोल की जरा! आत ऐकू येत नाय!"